आधी टपालपेटीवर आडनाव लावा

जर्मनीत बहुतेक इमारतींमध्ये फ्लॅटला नंबर नसतो. पुण्यात ‘बी विंग, ४०३’ एवढं लिहिलं की कुरियरवाला बरोबर दारात येतो. इथे पत्त्यात रस्त्याचं नाव, इमारतीचा क्रमांक आणि पिनकोड एवढंच असतं. इमारतीत बारा बिऱ्हाडं असतील तर पोस्टमन खालच्या बारा पेट्यांवरची आडनावं वाचतो आणि जिथे नाव जुळतं तिथे पत्र टाकतो. नाव सापडलं नाही तर पत्र आलं तसं परत जातं. पार्सल शेजाऱ्यांकडे ठेवतात, पत्र ठेवत नाहीत.

हे सगळ्यात आधी सांगते, कारण जर्मनीला आल्यावर काय काय करायचं याच्या याद्या हव्या तेवढ्या मिळतात, पण त्यातलं कोणतं काम कशावर अडतं हे सहसा कुणी सांगत नाही. इथे सगळं पत्त्यावर अडतं. कराचा नंबर, पगार, बँकेचं कार्ड, आरोग्य विम्याचं कार्ड, व्हिसाची मुदतवाढ, सगळं त्या पेटीतून आत येतं. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला, तेव्हापासून ओळखीपाळखीतून मला रोज कुणी ना कुणी विचारतं. पूर्वी विचारणारे बहुतेक आयटीतले असायचे. आता नर्स आहेत, इलेक्ट्रिशियन आहेत. कंपनीचा एचआर त्यांच्या मागे उभा असेलच असं नाही. त्यांच्यासाठी हे नीट लिहून काढते आहे.

मी श्टुटगार्टला आले तेव्हा पहिले काही महिने एका घरातली एक खोली पोटभाड्याने घेतली होती. पेटीवर मूळ भाडेकरूचं नाव होतं. माझं नाव लावायला तो ‘लावू, लावू’ म्हणत राहिला आणि मीही नवखी म्हणून लावून धरलं नाही. माझ्या कराच्या नंबरचं पत्र आलं आणि परत गेलं. मला ते आलंय हेच कळलं नाही. पहिले तीन महिने कंपनीने पगार नेहमीच्या हिशेबाने दिला, कारण कायद्याने तेवढी सवलत आहे. चौथ्या महिन्यात पगार सहाव्या कर-वर्गात गेला, म्हणजे सगळ्यात जास्त कपातीच्या वर्गात. हातात आलेली रक्कम बघून मी स्लिप तीनदा वाचली. ते पैसे पुढच्या वर्षी विवरणपत्र भरल्यावर परत मिळाले, पण तोवरचे महिने मोजूनमापून काढावे लागले. तेव्हा खोली घेताना पहिला प्रश्न भाड्याचा असो, दुसरा हा विचारा: पेटीवर आणि बेलवर माझं नाव लागेल ना? आणि माझी नोंदणी इथे होईल ना?

आता ही नोंदणी म्हणजे काय ते बघू. तिला म्हणतात ‘आनमेल्डुंग’. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पालिकेच्या नागरिक कार्यालयात, म्हणजे ‘ब्युर्गरआम्ट’मध्ये जाऊन ‘मी आता इथे राहतो’ अशी नोंद करायची. त्यासाठी पासपोर्ट, त्यांचा फॉर्म आणि घरमालकाने सही करून दिलेला एक कागद लागतो. या कागदाचं नाव लांबलचक आहे, ‘वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग’. अर्थ सोपा आहे: ही व्यक्ती अमुक तारखेपासून माझ्याकडे राहायला आली, असं घर देणाऱ्याचं लेखी म्हणणं. भाडेकरार त्याच्या जागी चालत नाही. तो कागद देणं ही घर देणाऱ्याची कायदेशीर जबाबदारी आहे, उपकार नव्हे. ‘खोली देतो, पण नोंदणी करता येणार नाही’ असं कुणी म्हणालं, तर खोली कितीही स्वस्त असली तरी सोडून द्या. नोंदणी नसेल तर पुढचं काहीच हलत नाही.

बर्लिनसारख्या मोठ्या शहरात ब्युर्गरआम्टची वेळ दोन आठवड्यांत मिळणं कठीण असतं. मिळेल ती वेळ ताबडतोब घ्या आणि वेळ घेतल्याचा ईमेल जपून ठेवा, म्हणजे तुम्ही प्रयत्न केला होता हे दाखवता येतं. सकाळी लवकर संकेतस्थळ उघडून बघत राहिलात तर रद्द झालेल्या वेळा हाती लागतात.

त्या खिडकीवर दोन गोष्टींकडे डोळ्यांत तेल घालून बघायचं. पहिली म्हणजे नाव. आपल्या पासपोर्टवर बहुतेकांच्या नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं. जर्मन कार्यालयाला ते तुमचंच दुसरं नाव वाटतं. वाटू द्या, पण पासपोर्टवर आहे तसंच, त्याच क्रमाने, सगळीकडे राहू द्या. एका ठिकाणी ‘मधुरा’, दुसऱ्या ठिकाणी ‘मधुरा अनिल’ असं झालं की विमा कंपनी, बँक आणि करखातं तुम्हाला दोन वेगळी माणसं समजू शकतात. नोंदणीचा छापील कागद हातात आला की खिडकी सोडायच्या आधी एकेक अक्षर तपासा, कारण तिथली चूक तिथून पुढे सगळीकडे जाते. ज्या बायकांच्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव आहे त्यांनी पेटीवर दोन्ही आडनावं लावावीत.

दुसरी गोष्ट म्हणजे फॉर्मवरचा धर्माचा रकाना. इथे चर्चचा कर सरकार पगारातून कापून देतं, आयकराच्या ८ किंवा ९ टक्के, राज्याप्रमाणे. तो रकाना त्या करासाठी आहे. हिंदू, बौद्ध, मुस्लिम अशा कुणाला हा कर लागत नाही. आपल्याकडच्या ख्रिस्ती मंडळींनी मात्र काय लिहायचं ते विचार करून ठरवावं, कारण रकाना भरला की कपात सुरू होते.

नोंदणी झाली की काही आठवड्यांत एक साधं पत्र येतं, त्यात अकरा आकडी कराचा नंबर असतो. हा नंबर आयुष्यभराचा. तो केंद्रीय करकार्यालयाकडून टपालानेच येतो, फोनवर किंवा ईमेलवर सांगत नाहीत. त्याच सुमारास आणखी एक पत्र येतं आणि ते बघून नवीन माणसाला हमखास वाटतं की ही फसवणूक आहे: रेडिओ-टीव्हीची वर्गणी भरा, महिन्याला १८.३६ युरो. फसवणूक नाही. २०१३ पासून ही वर्गणी घरामागे आहे. घरात टीव्ही असो वा नसो, भरावीच लागते. पण ती घरामागे आहे, माणसामागे नाही, एवढं लक्षात ठेवा. चार मुलं एका घरात राहत असतील तर एकाने भरायची आणि बाकीच्यांनी त्याचा वर्गणी क्रमांक कळवून आपली पत्रं बंद करायची. मुकाट्याने फाडून टाकलं तर थकबाकी नोंदणीच्या तारखेपासून मोजली जाते.

पत्रं वाचायची कशी, हे मी प्रत्येकाला बसवून शिकवते. भाषा येत नसली तरी फोनचा कॅमेरा धरून भाषांतर मिळतं, तो प्रश्न आता राहिला नाही. प्रश्न आहे मुदतीचा. सरकारी निर्णयाच्या पत्राला ‘बेशाइड’ म्हणतात आणि त्यावर हरकत घ्यायला सहसा एक महिना असतो. साध्या टपालाने आलेलं पत्र तुम्हाला कधी मिळालं असं धरायचं, याचाही नियम आहे. २०२५ पासून, टपालात टाकल्यापासून चौथ्या दिवशी मिळालं असं धरतात. तुम्ही पेटी कधी उघडली हे कुणी विचारत नाही.

आणि पिवळा लिफाफा आला, तर चहा बाजूला ठेवून आधी तो उघडा. त्यावर पोस्टमनने हाताने तारीख लिहिलेली असते आणि मुदत त्या तारखेपासून मोजतात. लिफाफा फेकू नका, पत्राइतकाच तो महत्त्वाचा आहे. आत दंड असेल किंवा न्यायालयाचा ‘मानबेशाइड’, म्हणजे पैसे भरण्याचा आदेश असेल, तर हरकतीला दोनच आठवडे मिळतात. इथे एक गोष्ट आपल्या लोकांना माहीत नसते. हा आदेश काढताना न्यायालय दावा खरा आहे की खोटा हे तपासतच नाही. जिमने किंवा इंटरनेट कंपनीने ‘या माणसाकडे आमचे इतके पैसे आहेत’ असा अर्ज केला की आदेश निघतो. खरंखोटं तुम्ही हरकत घेतल्यावर तपासलं जातं. सोबत हरकतीचा फॉर्म असतो, त्यावर खूण करून सही करून पाठवायचा. ‘मी तर पैसे भरलेत, मला काय’ म्हणून गप्प बसलात तर दावा खरा धरला जातो, पुढे वसुली येते, आणि ‘शूफा’ नावाच्या संस्थेकडे तुम्ही देणी वेळेवर फेडता की नाही याची जी नोंद असते तिच्यात डाग लागतो. शूफाची नोंद बघितल्याशिवाय इथे सहसा घर मिळत नाही.

भारतात महिनाभर जाणार असाल तर पेटीची किल्ली कुणाला तरी देऊन जा. दिवाळीला घरी गेलेल्या माणसाची पेटी भरून वाहते आणि त्यात एक पिवळा लिफाफा असतो, हे मी एकापेक्षा जास्त वेळा पाहिलं आहे.

घरभाड्याचं थोडक्यात सांगते. जाहिरातीत दोन भाडी असतात, ‘काल्टमीटे’ म्हणजे नुसत्या जागेचं आणि ‘वार्ममीटे’ म्हणजे हीटिंग, पाणी, कचरा धरून. वीज बहुतेक वेळा दोन्हीत नसते, तिचा करार वेगळा करायचा. अनामत रक्कम जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्टमीटेइतकी, आणि ती तीन हप्त्यांत द्यायचा तुम्हाला कायद्याने हक्क आहे. घर आतून बघितल्याशिवाय एक युरोही पाठवू नका. ‘मी परदेशात आहे, किल्ली कुरियरने पाठवतो’ म्हणणारा मालक हा मालक नसतोच. जाहिरातीत स्वयंपाकघराचा उल्लेख नसेल तर तिथे नळाचा पाइप आणि विजेची जोडणी यापलीकडे काही नसण्याची शक्यता आहे. ओटा, सिंक, शेगडी सगळं तुम्ही आणायचं. घर सोडताना तीन महिन्यांची सूचना, आणि ती कागदावर, शाईच्या सहीनिशी. महिन्याच्या तिसऱ्या कामकाजाच्या दिवसापर्यंत मालकाला पोचली तरच तो महिना धरतात. ईमेल चालत नाही, व्हॉट्सअ‍ॅप तर नाहीच.

आता फोडणी आणि बुरशी. हा विषय छोटा वाटतो, पण अनामत रक्कम बऱ्याच वेळा इथेच अडकते.

जर्मन घरं हवाबंद असतात. खिडक्या दुहेरी-तिहेरी काचेच्या, फटींना रबर. हिवाळ्यात बाहेर उणे दोन, आत एकवीस. अशा घरात आपण सकाळी कुकरच्या चार शिट्ट्या करतो, भात उकळतो, अंघोळीला गरम पाणी सोडतो, आणि बाहेर वाळत नाहीत म्हणून कपडे खोलीतच टाकतो. ही सगळी वाफ हवेत राहते. गरम हवा बरीच वाफ धरून ठेवते, पण ती गार भिंतीला टेकली की धरून ठेवू शकत नाही, आणि पाणी भिंतीवर बसतं. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला बाहेरून पाणी सुटतं तसंच. कपाटाच्या मागे, बाहेरच्या भिंतीच्या कोपऱ्यात, खिडकीच्या कडेला, जिथे हवा खेळत नाही तिथे आधी काळे ठिपके येतात. तीच बुरशी. आपण वास आला की खिडकी वरून तिरकी उघडून दिवसभर तशीच ठेवतो. त्याने हवा फारशी बदलत नाही, उलट खिडकीभोवतीची भिंत गार पडते आणि पाणी तिथेच धरतं. करायचं ते असं: दिवसातून दोन-तीनदा खिडक्या सताड उघडायच्या, जमलं तर समोरासमोरच्या, पाच ते दहा मिनिटं. हीटर तेवढ्यापुरता बंद. मग घट्ट लावून घ्यायच्या. हवा बदलते, भिंती गार होत नाहीत. याला ‘श्टोसल्युफ्टन’ म्हणतात आणि अनेक भाडेकरारांत ते लिहिलेलं असतं. कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढे ओढून ठेवा. ठिपके दिसले तर लपवू नका, फोटो काढून मालकाला त्याच दिवशी लेखी कळवा. कारण भिंतीचा दोष की तुमच्या राहण्याचा, हा वाद पुढे होणारच असतो आणि त्यात तारीख कामाला येते.

फोडणीचं वेगळं. धूर ओळखणारी यंत्रं झोपायच्या खोल्यांत आणि तिकडे जाणाऱ्या बोळात लावणं सक्तीचं आहे. मिरची-हिंगाची फोडणी तडतडली आणि स्वयंपाकघराचं दार उघडं असलं की बोळातलं यंत्र किंचाळतं. त्याची बॅटरी काढून ठेवायची युक्ती तुम्हाला कुणी तरी सांगेल. ती ऐकू नका, ते यंत्र झोपेत जीव वाचवतं. दार लावा, खिडकी उघडा, मग तेल तापवा. काचेच्या शेगडीवर तेल आपल्या अंदाजापेक्षा पटकन तापतं आणि बंद केल्यावरही तापलेलंच राहतं, म्हणून कढलं हातात उचलून बाजूला ठेवायची सवय लावा. फुलक्यासाठी छोटी जाळी आणा, ज्योत नाही म्हणून पोळी फुगत नाही असं नाही.

रविवारी दुकानं बंद. रात्री दहा ते सकाळी सहा आणि रविवारी दिवसभर भिंतीत ड्रिल नाही, काचेच्या बाटल्या टाकायला जाणं नाही. श्टुटगार्टच्या बाजूला आलात तर एखाद्या दिवशी तुमच्या दाराला एक पाटी लटकलेली दिसेल, ‘केअरवोखे’. या आठवड्यात जिना झाडायची पाळी तुमची. पाळी झाली की पाटी शेजारच्या दाराला अडकवायची. जिना झाडणाऱ्या बिऱ्हाडाशी शेजारीण बोलायला लागते, आणि पुढे पेटीची किल्ली ठेवायला तीच शेजारीण लागते.

आजारपणात आपली मंडळी फार घाबरतात, म्हणून हे सांगते. आधी जवळचा ‘हाउसआर्ट्स्ट’, म्हणजे फॅमिली डॉक्टर शोधा, आणि तो बरे असतानाच शोधा, कारण बरेच दवाखाने नवीन रुग्ण घेत नाहीत. तज्ज्ञ डॉक्टरकडे तो पाठवतो. दवाखाना बंद असताना, पण जीवावरचं नसेल तर ११६११७ फिरवा. जीवावरचं असेल तर ११२. पोलिसांचा ११०. साध्या तापाला डॉक्टर ‘चहा प्या, झोपा’ म्हणतील आणि अँटिबायोटिक देणार नाहीत. ती हेळसांड नव्हे, इथली पद्धत आहे. आजारी पडलात तर पहिल्याच दिवशी कामावर कळवायचं. तीन दिवसांहून जास्त झालं की डॉक्टरचा दाखला लागतो, काही कंपन्या तो पहिल्या दिवसापासून मागतात. नोकरीला चार आठवडे झाले असतील तर सहा आठवड्यांपर्यंत पूर्ण पगार कंपनी देते. त्यामुळे अंगात ताप घेऊन कामावर जाऊ नका. त्याचं कौतुक होत नाही, बाजूचे लोक वैतागतात.

सरकारी पद्धतीच्या विम्यात कमाई नसलेली बायको किंवा नवरा आणि मुलं वेगळा हप्ता न भरता येतात. खासगी विमा तरुण, एकट्या माणसाला स्वस्त दिसतो, पण त्यात प्रत्येकाचा हप्ता वेगळा असतो आणि पुन्हा सरकारी विम्यात येणं अवघड. लग्न ठरत असेल तर सही करायच्या आधी हा हिशेब मांडा. याशिवाय एक छोटा विमा घ्याच, ‘हाफ्टफ्लिष्ट’. तुमच्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर तो भरतो. एकट्या माणसाला वर्षाला शंभर युरोंच्या आत मिळतो. इमारतीची किल्ली हरवली आणि सगळ्यांची कुलुपं बदलायची वेळ आली तर हजारोंचा खर्च तुमच्यावर येतो, म्हणून किल्ली हरवणं त्यात धरलं आहे ना, हे विचारून घ्या.

व्हिसाची मुदतवाढ मुदत संपायच्या आधी मागायची. कार्यालयाला वेळ लागत असेल तर ते मधल्या काळासाठी एक घडीचा कागद देतात, ‘फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग’. त्यावर वेगवेगळ्या चौकटी असतात. कलम ८१, उपकलम ४ च्या चौकटीत खूण असेल तर भारतात जाऊन परत येता येतं. उपकलम ३ ला खूण असेल तर बाहेर पडलात की त्या कागदावर परत येता येत नाही. गणपतीचं तिकीट काढायच्या आधी ती खूण बघा. गाडी चालवणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवा: भारतीय परवाना इथे राहायला आल्यापासून सहा महिनेच चालतो, पुढे लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात.

भारतातल्या पैशांबद्दल कुणी आपणहून बोलत नाही. तुम्ही अनिवासी झालात की भारतातलं साधं बचत खातं एनआरओमध्ये, म्हणजे अनिवासी माणसाच्या भारतातल्या उत्पन्नासाठीच्या खात्यात, बदलून घ्यावं लागतं. आणि जर्मनीचे रहिवासी झालात की जगभरातलं उत्पन्न इथल्या विवरणपत्रात दाखवावं लागतं. एनआरई ठेवीवरचं, म्हणजे परदेशातली कमाई भारतात पाठवून केलेल्या ठेवीवरचं, व्याज भारतात करमुक्त आहे, म्हणून ते इथेही करमुक्त असेल असं समजू नका. गावच्या घराचं भाडं, ठेवींचं व्याज, सगळे कागद दरवर्षी आई-वडिलांकडून मागवून एका फाइलीत ठेवा.

देश सोडून जाताना नोंदणी रद्दही करायची असते, ‘आबमेल्डुंग’. निघायच्या आठवडाभर आधीपासून ती करता येते. तिचा कागद मिळतो, तो दाखवून विमा आणि रेडिओ-टीव्हीची वर्गणी बंद करता येते, आणि पुढे निवृत्तिवेतनाच्या वर्गणीबाबत अर्ज करताना तोच लागतो. पाच वर्षं वर्गणी भरली असेल तर इथल्या निवृत्तिवेतनावर तुमचा हक्क बसतो, आणि १ मे २०१७ पासून लागू असलेल्या भारत-जर्मनी करारामुळे ती पाच वर्षं मोजताना भारतातला भविष्य निर्वाह निधीचा काळही धरता येतो. तेव्हा दरवर्षी येणारं निवृत्तिवेतनाचं पत्र आणि हा आबमेल्डुंगचा कागद सामानाच्या बॅगेत टाकू नका, हातातल्या पिशवीत ठेवा.